सहाव्या वर्षाची दाढ

पडलेला दुधाचा दात उंदराच्या बिळात टाकायचा किंवा कौलांवर भिरकावायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. आणि दुधाचा दात कसाही सांभाळला तरी चालतो, ही समजूतही तितकीच जुनी. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिची किडलेली दुधाची दाढ काढावी लागली. ‘पडणारच होती,’ म्हणून आम्ही निर्धास्त झालो. बाराव्या वर्षी एक्स-रेमध्ये तिथली पक्की उपदाढ हाडातच अडकलेली दिसली. मागची दाढ पुढे सरकली होती आणि तिनं जागा गिळली होती. दाढ काढली त्याच वेळी जागा राखणारी एक साधी तारेची कडी बसवली असती, तर हे टळलं असतं.

ही मागची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून कितीतरी घरांत ती दुधाचीच समजली जाते आणि किडूही दिली जाते. खरं तर ती जन्माची सोबतीण. एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्यानं १८९९ मध्ये वाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले, तेही याच दाढेकडे बघून. पहिल्या वर्गात दाढांची बैठक ठीक असते, पण पुढचे दात एकमेकांवर चढलेले, वळलेले किंवा फटींचे. सुळा वर, हिरडीतून डोकावणारा. दुसऱ्यात बहुधा खालचा जबडा मागे राहतो आणि वरचे दात पुढे आल्यासारखे दिसतात. या मुलांना शाळेत ‘फावडे’ म्हणून चिडवतात. पडलं की दात तुटतो तोही आधी त्यांचाच. तिसऱ्यात खालचा जबडा पुढे. याशिवाय कुणाचे खालचे दात टाळूत रुततात, तर कुणाचे समोरचे दात टेकतच नाहीत. त्याला पोळीचा घास दातांनी तोडता येत नाही.

हे का होतं? आनुवंशिकता आहेच. पाचव्या वर्षानंतरही चालू राहिलेलं अंगठा चोखणं आहे, नाकामागच्या ग्रंथी वाढल्यामुळे तोंडानं श्वास घेणं आहे. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांतल्या आणि शहरातल्या तरुणांचे दात तपासले, तेव्हा शहरी मुलांचे दात अधिक बिघडलेले आढळले. मऊ अन्नामुळे जबड्याला पुरेसं काम मिळत नाही, असं त्यांचं मत.

सगळंच वाकडं काळजीचं नसतं, हेही सांगायला हवं. आठ ते अकराच्या दरम्यान वरच्या समोरच्या दातांत फट पडते, दात फाकतात. सुळे उतरले की बहुधा ती आपोआप मिटते. तिथे घाई नको. उलट जबडाच मागेपुढे असेल, तर उशीर नको. वाढीच्या वयात स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांच्या ‘ट्विन ब्लॉक’सारखी साधनं खालचा जबडा पुढे धरून वाढीचा फायदा घेतात. आपल्याकडे मात्र मुलगी दवाखान्यात येते ती बारावीनंतर, नाहीतर लग्न ठरवायच्या बेतात. याचा मला मनापासून राग येतो. दात पन्नाशीतही सरकतात, पण थांबलेली वाढ परत आणता येत नाही. मग जबड्यातला मोठा फरक शस्त्रक्रियेनंच सुधारावा लागतो.

दात सरकतो तरी कसा? मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचं तंतूंचं अस्तर असतं. तार हलकेच ढकलते, त्या बाजूचं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं भरतं. महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. जोर वाढवला तर अस्तरातला रक्तपुरवठा तुटतो आणि काम उलट अडतं. म्हणून दीड-दोन वर्षं लागतात. पारदर्शक साचे वापरले तरी हाडाचा वेग तोच, आणि ते दिवसाचे वीस-बावीस तास तोंडात ठेवावे लागतात.

‘जागा करण्यासाठी चांगल्या उपदाढा कशाला काढायच्या?’ हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. अँगलचा दात काढायला ठाम विरोध होता. त्याचेच शिष्य चार्ल्स ट्वीड आणि रेमंड बेग यांनी पुढे दाखवलं, की दाटी फार असेल तर जागा केल्याशिवाय दात हाडात नीट बसत नाहीत.

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बुलसारा, म्हणजेच गायक फ्रेडी मर्क्युरी, याच्या वरच्या जबड्यात जादा दात होते आणि त्यांनी समोरचे दात पुढे रेटले होते. आवाज बदलेल या भीतीनं त्यानं ते कधीच सुधारून घेतले नाहीत. तो निर्णय त्याचा होता, जाणत्या वयातला. सात वर्षांच्या मुलाच्या वतीनं तो आपण घेत असतो, बहुतेकदा त्याच्या तोंडात न डोकावताच.

माझ्या मुलीच्या तारा पंधराव्या वर्षी निघाल्या. हिरडीतले ताणलेले तंतू दातांना जुन्या जागी ओढत राहतात, म्हणून ती अजूनही रोज रात्री रिटेनर लावून झोपते.