घोड्याच्या पायांचा त्वचाशोथ
घोड्याच्या खुराच्या लगेच वरील, विशेषतः मागच्या बाजूच्या, त्वचेची दाहयुक्त सूज. हा एकच रोग नसून निरनिराळ्या कारणांनी उद्‌भवणारा लक्षणसमूह असल्यामुळे उपचारापूर्वी कारण ओळखणे आवश्यक असते.

चिखलात सतत उभे राहिल्याने त्वचा मऊ पडून भेगाळते व तीत डर्मॅटोफायलस काँगोलेन्सिस हे सूक्ष्मजंतू शिरतात. त्यांचे प्रथम वर्णन १९१५ मध्ये बेल्जियन काँगोतील गुरांच्या रोगावरून झाले. केस चिकटून खपल्या धरतात, पाय सुजतो व घोडा लंगडतो. सूक्ष्मदर्शकाखाली खपलीत गोलाकार पेशींच्या समांतर रांगा दिसल्यास निदान निश्चित होते. शायर, क्लाइड्सडेल यांसारख्या पायांवर दाट केस असणाऱ्या जातींत कोरिऑप्टिस माइटींमुळे खाज सुटून घोडा पाय आपटतो. केवळ पांढऱ्या पायांवर विकृती आढळल्यास प्रकाशसंवेदिता व यकृतविकार यांची तपासणी करतात.

सूक्ष्मजंतुजन्य प्रकारात घोडा कोरड्या जागी बांधून केस कातरतात. खपल्या भिजवून हळुवारपणे काढतात, क्लोरहेक्सिडीन वा पोव्हिडोन आयोडिनाने त्वचा धुतात व पूर्ण कोरडी करतात. ती ओली राहिल्यास रोग बळावतो. तीव्र विकारात पशुवैद्याच्या सल्ल्याने प्रतिजैविके देतात. माइटींवर कीटकनाशक औषधे लागतात. हे सूक्ष्मजंतू माणसालाही बाधत असल्याने हातमोजे वापरणे इष्ट असते.