आहारशास्त्रातील काही शब्द आणि त्यांच्या अर्थाची गल्लत

अंगणवाडीच्या भिंतीवर, आरोग्य उपकेंद्रातील तक्त्यावर आणि मुलांच्या वाढीच्या कार्डावर उष्मांक, प्रथिने, जीवनसत्त्वे, रक्तक्षय, कुपोषण हे शब्द आता सर्वत्र छापलेले आढळतात. ते वाचता येणे निराळे आणि त्यांचा अर्थ ध्यानी येणे निराळे. अडचण अशी की, यांपैकी बहुतेक शब्दांच्या शेजारी घरातला एकेक जुना शब्द बसलेला असतो. ऐकणारा नवा शब्द ऐकतो आणि जुन्याचा अर्थ घेऊन घरी जातो. ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही गल्लत कोठे होते ते नीट समजून घ्यावयास हवे.

प्रथम उष्मांक हा शब्द घेऊ. एका गावी गरोदर सुनेच्या आहाराविषयी बोलताना सेविकेने सांगितले, "आजी, या दिवसांत हिला जास्त उष्मांकाचे अन्न लागते." त्यावर म्हातारी सासू म्हणाली, "अहो ताई, पोटुशी पोरीला उष्ण खाऊ घालायचं व्हय?" आणि दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या ताटातली बाजरीची भाकरी व शेंगदाण्याची चटणी बंद झाली. सासूच्या मनात सुनेविषयी काळजीच होती. शब्दाने मात्र घात केला.

घरात आपण उष्ण आणि थंड म्हणतो तो पदार्थाचा गुण होय. बाजरी उष्ण, ताक थंड, असा तो हिशेब असतो. उष्मांक हे माप आहे. वजनाला किलो, जमिनीला गुंठा, तसे अन्नातून मिळणाऱ्या शक्तीला उष्मांक. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास जेवढी उष्णता लागते तेवढी एक उष्मांक, म्हणजेच शास्त्रीय भाषेतील एक किलोकॅलरी. मापासाठी उष्णतेचा आधार घेतला म्हणून नावात ऊष्मा आली, इतकेच. याचा चांगला दाखला तुपाचा आहे. पुष्कळ घरांत तूप थंड मानतात. परंतु एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ उष्मांक मिळतात, आणि एक ग्रॅम पिष्ट पदार्थातून किंवा प्रथिनांतून फक्त ४. थंड मानलेल्या तुपात उष्मांक सर्वांत अधिक!

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार कष्टाचे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषास दररोज सुमारे ३,४७० उष्मांक लागतात. तशाच कामाला ५५ किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे २,७२० लागतात. गरोदरपणी त्यांत ३५० ची व मूल अंगावर पीत असता पहिल्या सहा महिन्यांत ६०० ची भर पडते. ३५० उष्मांक म्हणजे काय, हे आकड्यात सांगू नये. एक मध्यम भाकरी आणि मूठभर शेंगदाणे अधिक, असे सांगावे. ते सासूलाही पटते आणि सुनेलाही मिळते.

लहान मुलाच्या बाबतीत पोट भरणे व उष्मांक मिळणे यांत मोठे अंतर पडते. वर्षाच्या मुलाचे पोट ते केवढे? पाणीदार पेजेची वाटी प्याली की ते तृप्त होऊन झोपी जाते, आणि आईला वाटते जेवण झाले. त्या वाटीत पाणीच फार असते. पेज घट्ट केली तर मुलाला गिळवत नाही. यावर आपल्या घरात पूर्वीपासून एक उपाय आहे. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळावी. मोड येताना धान्यात पिष्टाचे विघटन करणारे द्रव्य तयार होते. त्यामुळे या पिठाची पेज अधिक पीठ घालूनही पातळच राहते. तीच वाटी, तेवढेच घोट, पण पीठ अधिक. वर चमचाभर तेल घातले की आणखी ४५ उष्मांकांची भर पडते.

प्रथिनांविषयी थोडक्यात सांगता येईल. शरीराची झीज भरून काढणे व वाढ करणे हे त्यांचे काम. ज्वारी, बाजरी, तांदूळ यांतही प्रथिने असतात. त्यांत लायसिन नावाचा घटक अपुरा असतो व तो डाळीत विपुल असतो. डाळीत जो घटक तोकडा, तो धान्यात पुरेसा. भाकरी-पिठले, वरण-भात, खिचडी या जोड्या आपल्या आज्या-पणज्यांनी कोणतेही पुस्तक न वाचता जुळविल्या आहेत. त्या मोडून डब्यातील महागडी भुकटी विकत घेण्याचे कारण सामान्य कुटुंबास नाही.

आता सूक्ष्म अन्नद्रव्यांकडे वळू. हा शब्द शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. उसावर केवडा पडला, पाने पिवळी-पांढरी झाली की तो लोहाची कमतरता ओळखतो. चुनखडीच्या जमिनीत लोह पुष्कळ असते, पण पिकाला ते उचलता येत नाही, हेही त्याला ठाऊक असते. म्हणून तो हिराकसाची फवारणी करतो. माणसाचे याहून निराळे नाही. अन्नात लोह असले तरी धान्याच्या कोंड्यातील फायटेट व चहातील टॅनिन त्याला अडवून धरतात. जेवणाबरोबर चहा घेणाऱ्या बाईच्या पोटात लोह जाते आणि बरेचसे तसेच बाहेर पडते. उलट लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो यांतील क जीवनसत्त्व त्याच लोहाचे शोषण वाढविते. दवाखान्यातून मिळणाऱ्या अनेक लोहगोळ्यांत फेरस सल्फेट असते, आणि आपला हिराकस तोच. (अर्थात शेतीचा हिराकस पोटात घ्यावयाचा नाही, हे सांगून ठेवणे बरे.)

लोहाच्या अभावी जो रोग होतो त्याला रक्तक्षय किंवा पंडुरोग म्हणतात. घरातला शब्द आहे अशक्तपणा. हा शब्द सर्वांत फसवा, कारण अशक्तपणा बाईमाणसाला असावयाचाच, असे सर्वांनी धरून ठेवले आहे. दुसरा शब्द आहे "अंगात रक्त कमी". त्यातून रक्ताचे प्रमाण घटले असे वाटते. वास्तविक रक्त असते. त्यातील प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य कमी पडते. लाल वस्तू खाल्ल्याने रक्त वाढते या समजुतीने बीटाचा रस पाजतात. बीटाचा लाल रंग लोहाचा नव्हे, आणि त्यात लोहही बेताचेच असते. १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन स्त्रियांमध्ये १२ ग्रॅमच्या खाली व गरोदरपणी साधारणतः ११ ग्रॅमच्या खाली गेले तर रक्तक्षय समजतात. ७ च्या खाली गेले तर तो तीव्र होय, आणि अशी बाई बाळंतपणातील थोडाही रक्तस्राव सोसू शकत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के व महाराष्ट्रात ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक बायका ज्या अवस्थेत आहेत, ती अवस्था गावाला नेहमीची वाटल्यास नवल नाही.

रक्तक्षय केवळ लोहाच्याच अभावी होत नाही, हे मुंबईतील एका अभ्यासातही दिसून आले. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर येथील गिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांचा रक्तक्षय अभ्यासण्यासाठी आल्या. निकस आहारावर राहणाऱ्या या स्त्रियांना यीस्टचा अर्क देताच त्या सुधारू लागल्या. हा निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे केले, आणि लॅटिन भाषेतील पान या अर्थाच्या शब्दावरून त्याला नाव मिळाले. गरोदर स्त्रीला १८० दिवस द्यावयाच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर हे फॉलिक आम्लही असते. गोळीने शौचास काळी होते. हे आधी सांगितले नाही, तर बाई घाबरून गोळ्या फडताळात ठेवून देते. शेतात अनवाणी चालणाऱ्यांना अंकुशकृमी होतात व ते आतड्यातून रक्त शोषतात. तेथे जंतनाशक गोळी आणि पायांत वहाणा यांवाचून नुसत्या आहाराने काम भागत नाही.

शेवटचा शब्द कुपोषण. घरातला शब्द आहे "मूल बारीक आहे". वयाच्या मानाने उंची कमी असेल तर वाढ खुंटली असे म्हणतात, आणि उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर मूल रोडावले असे म्हणतात. खुंटलेले मूल दिसावयास ठीक वाटते, म्हणून मोजल्यावाचून कळत नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर कुपोषण तीव्र समजावे, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असल्यास मध्यम.

परंतु सर्वांत घातक गल्लत याच्या उलट बाजूची आहे. सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी १९३५ साली आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना देश, येथील गा भाषेतील एक शब्द वैद्यकात आणला : क्वाशिओरकोर. पाठचे भावंड झाले की अंगावरून तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ सांगतात. या आजारात मुलाच्या अंगावर सूज येते. पूर्वी तो केवळ प्रथिनांच्या अभावाने होतो असे मानीत. त्याची कारणे अधिक गुंतागुंतीची आहेत, असे आता दिसून आले आहे. आपल्याकडे अशा मुलाचे फुगलेले गाल पाहून शेजारीण म्हणते, "बाळसं धरलं हो लेकरानं." वजनकाट्यावरही सुजेचे पाणी मोजले जाते, व वजन बरे भरते.

बाळसे आणि सूज ओळखण्यास काही साधन लागत नाही. मुलाच्या दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूस अंगठ्याने तीन सेकंद दाबून सोडावे. बाळसे असेल तर त्वचा लगेच पूर्ववत होते. दोन्ही पावलांवर खळगा तसाच राहिला तर ती सूज होय. मग दंडाचा घेर व वजन काहीही असो, मूल तीव्र कुपोषित धरावे आणि त्याच दिवशी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे; तेथून डॉक्टर त्याला पोषण पुनर्वसन केंद्राकडे पाठवितात. अशा मुलाला घरी एकदम भरपूर खाऊ घालू नये, त्याने जिवास अपाय होऊ शकतो. आईशी बोलताना कुपोषण हा शब्द आधी काढू नये. तिला तो आपल्यावरचा ठपका वाटतो व ती मूल आत घेऊन जाते. तिचाच अंगठा तिच्या मुलाच्या पावलावर ठेवून तो खळगा तिला दाखवावा.