पार्श्वप्रारणाची साक्ष आणि विश्वाचा आकार

विश्वाला आरंभ होता की नाही, हा वाद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या एका निरीक्षणाभोवती फिरत राहिला, ते निरीक्षण म्हणजे आकाशाच्या प्रत्येक दिशेकडून जवळजवळ सारख्याच तीव्रतेने येणारे सूक्ष्मतरंगांचे मंद प्रारण होय. आर्नो पेन्झिअस आणि रॉबर्ट विल्सन यांनी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, होल्मडेल येथील शिंगाच्या आकाराच्या अँटेनाने ते टिपले आणि १९६५ मध्ये जाहीर केले. त्याचे तापमान सुमारे २.७ केल्विन, म्हणजे शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सिअस, असल्याचे पुढील मोजमापांतून निश्चित झाले. बहुतेक पाठ्यपुस्तकांत महास्फोटाचा वाद त्याच वर्षी निकाली निघाल्यासारखे वर्णन असते. प्रत्यक्षात मात्र निवाडा टप्प्याटप्प्याने होत गेला, आणि त्या प्रवासात प्रतिपक्षाची बाजू शेवटपर्यंत गणिताने लढवणाऱ्यांत कोल्हापुरात जन्मलेले जयंत विष्णू नारळीकर हे प्रमुख होते. मे २०२५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. मराठी वाचकांना विज्ञानकथाकार म्हणून ते जितके परिचित आहेत, तितका त्यांचा विश्वविषयक सिद्धांत परिचित नाही.

या सिद्धांताचे मूळ १९४८ मध्ये हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी केंब्रिजमध्ये मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतात आहे. विश्व प्रसरण पावते हे या तिघांना मान्य होते. परंतु ते केवळ प्रत्येक ठिकाणीच नव्हे, तर प्रत्येक काळीही सारखेच दिसले पाहिजे, असे त्यांचे गृहीतक होते, आणि म्हणून दीर्घिका एकमेकींपासून दूर गेल्याने विरळ होणारी घनता भरून काढण्यासाठी अवकाशात अत्यंत मंद गतीने नवे द्रव्य निर्माण होत राहते, असे त्यांनी मानले. या गृहीतकातून विश्वाची भूमितीही आपोआप ठरते, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. अवकाशाची वक्रता धन असली तर एखाद्या प्रचंड त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून अधिक भरते, ऋण असली तर कमी भरते, आणि शून्य असली तर शाळेत शिकवलेली युक्लिडची भूमिती लागू पडते. शून्य सोडून कोणतीही वक्रता प्रसरणाबरोबर बदलत जाते. मग तिच्यावरून विश्वाचे वय ओळखता येईल आणि सर्वकाळ सारखेपणाचे तत्त्वच मोडेल. स्थिर स्थितीच्या विश्वाला म्हणूनच सपाट असण्यावाचून पर्याय नव्हता. महास्फोटाच्या प्रतिमानात तिन्ही भूमिती शक्य होत्या आणि त्यांतील खरी कोणती, हे निरीक्षणावर सोपवलेले होते.

नारळीकर १९६० च्या सुमारास हॉइल यांचे विद्यार्थी झाले आणि दोघांनी मिळून द्रव्यनिर्मितीला एका क्षेत्राचे गणिती रूप दिले, ज्यामुळे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम न मोडता नवे द्रव्य कसे येऊ शकते, हे दाखवता आले. त्यांच्यापुढील खरे आव्हान मात्र पार्श्वप्रारणाने उभे केले. महास्फोटाच्या बाजूने राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच, प्रारंभीच्या तप्त अवस्थेचे अवशेष म्हणून सुमारे ५ केल्विन तापमानाचे प्रारण आज सर्वत्र असावे, असे भाकीत केले होते. दुसऱ्या पक्षाकडे याला एक उत्तर होते आणि ते आजही विचार करायला लावते. विश्वातील दृश्य द्रव्यात वस्तुमानाने सुमारे एक चतुर्थांश हेलियम आहे. हे सारे हेलियम ताऱ्यांच्या गर्भात हायड्रोजनपासून तयार झाले असे मानले, त्यातून मुक्त झालेल्या ऊर्जेचा हिशेब केला आणि ती ऊर्जा पूर्णपणे समतोलात आलेल्या प्रारणात रूपांतरित झाली असे धरले, तर त्या प्रारणाचे तापमान २.७ केल्विनच्या अगदी जवळ येते. महास्फोटाच्या चौकटीत हे जुळणे निव्वळ योगायोग ठरते. तापमानाच्या एका आकड्यावर निकाल द्यायचा असता, तर हॉइल-नारळीकर पक्षाचे पारडे मुळीच हलके नव्हते.

अडचण होती ती ताऱ्यांच्या प्रकाशाचे मिलिमीटर लांबीच्या लहरींत रूपांतर कसे व्हावे, याची. ताऱ्यांमधील नेहमीची धूळ दृश्य प्रकाश शोषून अवरक्त किरण बाहेर टाकते, पण तिचे कण मायक्रोमीटरहूनही लहान असल्याने सूक्ष्मतरंगांशी त्यांची आंतरक्रिया फारच क्षीण असते. हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये स्थिरप्राय स्थिती सिद्धांत मांडला, तेव्हा त्यात या प्रश्नाला ठोस उत्तर दिले: अतिनवताऱ्यांच्या स्फोटात बाहेर पडणारी लोखंडाची वाफ थंड होताना गोल कणांऐवजी सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या, कमालीच्या बारीक सुया बनतात, आणि अशा सुया दीर्घिकांबाहेरच्या अवकाशात अगदी विरळ पसरल्या तरी सूक्ष्मतरंग शोषून आणि पुन्हा उत्सर्जित करून प्रारणाला समतोलात आणू शकतात. या प्रतिमानात विश्वाचे दीर्घकालीन प्रसरण सुमारे १,००० अब्ज वर्षांच्या मापाने चालते आणि त्यावर सुमारे ५० अब्ज वर्षांच्या आंदोलनांची चढउतार असते. आकार कधीही शून्यावर येत नाही, त्यामुळे आरंभाचा क्षणही उरत नाही. प्रत्येक आंदोलनाच्या तळाशी विश्व आकसते, आधीच्या आवर्तनांतील तारकाप्रकाश दाटतो आणि सुयांच्या साहाय्याने समतोलात येतो. सिद्धांताचे सर्वांत मोठे सामर्थ्य या सुयांत होते, कारण आदिकाळाविषयीच्या अमूर्त विधानाऐवजी जिचा शोध घेता येईल, जी नाकारताही येईल, अशी वस्तू तो पुढे करत होता.

परंतु हा सिद्धांत जन्मला त्याच्या थोडेच आधी कसोटीची पातळी उंचावली होती. कोबी उपग्रहाने १९९० मध्ये पार्श्वप्रारणाचा वर्णपट दाखवला, तो आदर्श कृष्णवस्तूच्या, म्हणजे आपल्यावर पडणारे सर्व प्रारण शोषणाऱ्या आणि केवळ तापमानानुसार उत्सर्जन करणाऱ्या पदार्थाच्या, वर्णपटाशी इतका जुळत होता की पुढील सूक्ष्म विश्लेषणात विचलन दहा लाखांत सुमारे ५० भागांहून कमी आढळले. धुळीने एवढी अचूकता साधण्यासाठी विश्व सूक्ष्मतरंगांना बऱ्यापैकी अपारदर्शक असावे लागते, तर अतिदूरचे रेडिओ स्रोत आपल्याला स्वच्छ दिसतात. दोन्ही अटी एकदम पाळणारी धूळ कल्पिणे अवघड आहे, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. आणखी एक कसोटी पुण्याच्या आयुकाशी, म्हणजे नारळीकर ज्या संस्थेचे संस्थापक संचालक होते त्या आंतर-विद्यापीठ केंद्राशी, निगडित आहे. तेथील आर. श्रीआनंद यांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००० मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये, दूरच्या वायुमेघांतील अणुरेणूंच्या वर्णरेषांवरून प्राचीन काळातील पार्श्वप्रारणाचे तापमान मोजले. कार्बन मोनॉक्साइडच्या रेषांवरून २००८ मध्ये मिळालेले मूल्य सुमारे ९.१५ केल्विन होते, आणि प्रसरणशील विश्वात त्या अंतरावर अपेक्षित मूल्य होते ९.३ केल्विन. विश्व प्रसरण पावतच नाही, प्रकाशच वाटेत ‘थकतो’, असे सांगणाऱ्या प्रतिमानांना या मापनापुढे टिकणे कठीण झाले. स्थिरप्राय स्थिती मात्र या कसोटीत वाचली, कारण चालू आवर्तनापुरते तिचे विश्वही प्रसरणच पावत होते.

तिला खरा धक्का बसला तो प्रारणातील लहरींनी. १९९२ मध्ये कोबीने तापमानात लाखात एक भाग इतक्या सूक्ष्म तफावती शोधल्या, आणि १९९८ मध्ये अंटार्क्टिकावर उडवलेल्या बूमरँग या बलूनप्रयोगाच्या, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशांतून हे डाग प्रामुख्याने सुमारे एक अंश आकाराचे असल्याचे दिसले. नारळीकर, विश्वकर्मा, हाजियान, सौरदीप, बर्बिज आणि हॉइल यांनी २००३ मध्ये या डागांचा संबंध आंदोलनाच्या मागील तळाशी असलेल्या दीर्घिकासमूहांच्या आकाराशी जोडून दाखवला. प्रयत्न चातुर्याचा होता. परंतु आदिकाळातील तप्त वायूत उठलेल्या ध्वनिलहरींमुळे असे डाग पडतील, हे जिम पीबल्स आणि जर यू यांनी, तसेच स्वतंत्रपणे सुन्याएव आणि झेल्डोविच यांनी, १९७० मध्येच सांगितलेले होते. घडल्यावर स्पष्टीकरण देणे आणि तीस वर्षे आधी सांगून ठेवणे यांत विज्ञान फरक करते, आणि तो करणेच योग्य आहे. त्यानंतर तापमान आणि ध्रुवण, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, यांच्यातील जो ठरावीक मेळ मोजला गेला, तो ध्वनिलहरींच्या चित्रातून सहज निघतो. दीर्घिकासमूहांच्या चित्रातून तसा निघत नाही. महास्फोटाच्या प्रतिमानालाही अदृश्य द्रव्य आणि अदृश्य ऊर्जा अशी न पाहिलेली तत्त्वे मानावी लागतात, हा नारळीकरांचा आक्षेप मात्र त्यामुळे रद्द होत नाही.

याच डागांनी भूमितीचाही प्रश्न हाती घेतला. ध्वनिलहरींनी गाठलेले अंतर गणिताने काढता येते. त्याचा आपल्याला दिसणारा कोन धन वक्रतेत मोठा आणि ऋण वक्रतेत लहान भासतो. निरीक्षण सपाट अवकाशाच्या बाजूने गेले, आणि प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या विश्लेषणाने, दीर्घिकांच्या वितरणाची मोजमापे जोडून, वक्रतेचा वाटा ०.००१ अधिक-उणे ०.००२ इतका, म्हणजे शून्याशी सुसंगत ठरवला. ज्या सपाटपणाची १९४८ मध्ये स्थिर स्थितीला सक्ती होती, तो अशा रीतीने प्रतिस्पर्धी प्रतिमानाच्या पुराव्यातून सिद्ध होत गेला. २०१९ मध्ये दि व्हॅलेंतिनो, मेल्किओरी आणि सिल्क यांनी केवळ प्लांकच्या माहितीचा कल बंद, धन वक्रतेच्या विश्वाकडे असल्याचे दाखवून ही चर्चा पुन्हा उघडली. इतर मोजमापे मात्र त्या कलाला दुजोरा देत नाहीत.

तरीही वक्रता कळली म्हणजे आकार कळला, असे होत नाही, आणि हे अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२० च्या दशकातच बजावले होते. कागद सपाटच राहतो, पण त्याच्या समोरासमोरच्या कडा जोडल्या की नळी होते. तिच्यावर सरळ चालणारी मुंगी परत निघाल्या जागी येते, जरी तिने काढलेल्या लहान त्रिकोणाचे कोन १८० अंशच भरतात. अवकाशही असेच स्वतःशी जोडलेले, म्हणून मर्यादित पण बिनकाठाचे, असू शकते. आकाशातील सर्वांत मोठ्या मापाच्या तफावती अपेक्षेपेक्षा क्षीण आहेत, हे डब्ल्यूमॅप उपग्रहाने दाखवले, तेव्हा जाँ-पिएर ल्युमिने आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असे प्रतिमान मांडले की विश्व म्हणजे बारा पंचकोनी पृष्ठांचा एक द्वादशफलक असून त्याचे प्रत्येक पृष्ठ ३६ अंशांच्या पिळाने समोरच्या पृष्ठाशी जोडलेले आहे. असे असेल तर आकाशात परस्परांच्या समोर, तंतोतंत जुळणाऱ्या नक्षीच्या वर्तुळांच्या सहा जोड्या सापडायला हव्यात. कॉर्निश, स्परगेल, स्टार्कमन आणि कोमात्सु यांनी २००४ मध्ये केलेल्या शोधात तशी वर्तुळे आढळली नाहीत, आणि प्लांकच्या नकाशांतही ती मिळाली नाहीत.

वर्तुळे न मिळाल्याने अवकाशाचा जोडलेपणा नाकारला गेलेला नाही; तो असलाच तर त्याचे माप आपल्याला दिसणाऱ्या क्षितिजाहून मोठे किंवा त्याच्या आसपासचे असावे, एवढाच निष्कर्ष निघतो. अशा अवकाशात सर्व दिशा समान राहत नाहीत, म्हणून वर्तुळे दिसली नाहीत तरी दिशाभेदाचा ठसा प्रारणात उरू शकतो. तो मोजण्याची गणिती पद्धत आमिर हाजियान आणि तरुण सौरदीप यांनी आयुकामध्ये २००३ मध्ये विकसित केली; त्याच वर्षी स्थिरप्राय स्थितीच्या बाजूने नारळीकरांसह लेख लिहिणाऱ्यांत हे दोघेही होते. त्या पद्धतीचे विस्तारित रूप पुढे प्लांकच्या चमूने दिशासमानतेच्या तपासणीसाठी वापरले.