बनावट दस्तऐवजाचा फौजदारी खटला आणि प्रलंबित दिवाणी दावा : एक विवेचन

प्रस्तावना :
बनावट मृत्युपत्र वा खरेदीखत पुढे आल्यास वारस दिवाणी दावा दाखल करतो आणि फौजदारी तक्रारही देतो. अशा वेळी दिवाणी निकालापर्यंत फौजदारी खटला थांबवावा काय, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विषयविवेचन :
दिवाणी दाव्यात मिळकतीवरील हक्क ठरतो. फौजदारी खटल्यात अपराध ठरतो. पहिल्यात संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते हे पाहिले जाते, तर दुसऱ्यात वाजवी संशयापलीकडील पुरावा लागतो. म्हणून केवळ दिवाणी दावा प्रलंबित आहे या कारणास्तव खटला रद्द करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कमलादेवी अगरवाल प्रकरणात (2001) स्पष्ट केले. तत्पूर्वी एम. एस. शेरीफ प्रकरणात (1954) न्यायालयाने फौजदारी प्रकरणास सामान्यतः अग्रक्रम दिला होता. दिवाणी दावे वर्षानुवर्षे चालतात आणि तोवर साक्षीदारांची स्मृती पुसट होते, हे त्यामागील कारण होय. तथापि हा नियम ताठर नाही. दिवाणी दावा निकालाच्या टप्प्यावर असल्यास तो आधी संपविणे इष्ट ठरू शकते.

यापुढील प्रश्न तक्रार कोणी करावयाची हा आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, 1973 च्या कलम 195 नुसार न्यायालयात दाखल दस्तऐवजासंबंधीच्या बनावटीकरणाची दखल त्या न्यायालयाच्या लेखी तक्रारीवरच घेता येत असे. 1 जुलै 2024 पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 215 मध्ये आहे. इक्बाल सिंग मारवाह प्रकरणात (2005) घटनापीठाने या तरतुदीचा अर्थ मर्यादित केला. दस्तऐवज न्यायालयाच्या ताब्यात असताना बनावटीकरण झाले असेल तरच हा निर्बंध लागू होतो. ते आधीच झाले असेल तर पीडित व्यक्ती स्वतः तक्रार करू शकते. अन्यथा बनावट कागद न्यायालयात दाखल करणे हेच अपराध्याचे संरक्षक कवच ठरले असते.

याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मोहम्मद इब्राहिम प्रकरणात (2009) न्यायालयाने म्हटले की, दुसऱ्याची मिळकत स्वतःची समजून वा भासवून स्वतःच्याच नावाने व सहीने विकणे हे बनावटीकरण नव्हे. अशा वादात मूळ प्रश्न मालकीचा असतो. त्याला फौजदारी रूप देऊन प्रतिपक्षावर दडपण आणले जात असल्यास उच्च न्यायालय आपल्या अंतर्निहित अधिकारात कार्यवाही रद्द करू शकते.

निष्कर्ष :
दावा प्रलंबित आहे की नाही, हा निर्णायक प्रश्न नाही. दस्तऐवज केव्हा बनविला गेला आणि अपराधाचे घटक प्रथमदर्शनी दिसतात काय, हे दोन प्रश्न निर्णायक आहेत. त्यांची उत्तरे अनुकूल असल्यास दोन्ही कार्यवाह्या समांतर चालू शकतात. खटला अकारण थांबला तर पुरावा नष्ट होतो. अकारण चालला तर निर्दोष पक्षकार भरडला जातो. हा तोल सांभाळणे हेच न्यायालयीन विवेकाचे कार्य होय.