पाच चढायांची कसोटी

महाड : महाड, पोलादपूर तालुक्यांत कबड्डी हा गावोगावचा खेळ असून महाविद्यालयीन संघही याच मातीतून घडतात. बाद फेरीत दोन तुल्यबळ संघ निर्धारित वेळेअखेर बरोबरीत राहिल्यास निर्णय ५-५ चढायांवर जातो. दोन्ही संघांचे सातही खेळाडू मैदानात उतरतात. प्रत्येक संघाचे पाच निरनिराळे खेळाडू आलटूनपालटून चढाया करतात. बाद झालेला खेळाडू बाहेर जात नाही. केवळ गुण मोजले जातात. निदानरेषाच बोनसरेषा मानली जाते. त्यामुळे एकाच हुकमी चढाईपटूवर विसंबलेला संघ येथे उघडा पडतो. तरीही कोंडी न फुटल्यास नाणेफेक जिंकणाऱ्या संघाला सुवर्ण चढाई मिळते. म्हणूनच सरावात पाचव्या चढाईपटूलाही पहिल्याइतकेच महत्त्व द्यावे लागते.