साखळीचे दोन हात

इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीचे सामने पाहायला मी मुलुंडहून घाटकोपरमार्गे अंधेरीच्या क्रीडासंकुलात जात आलो आहे. लोकांचे डोळे गोल करणाऱ्यांवर असतात, माझे बचावफळीवर. कबड्डी पाहिलेल्याला ती लगेच कळते. हात सुटला, की साखळी गेली!

४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून मुंबईने चषक जिंकला. कर्णधार होता राहुल भेके. बचावपटू, आणि मुंबईचाच. त्याच वर्षी तो बेंगळुरू संघात गेला. २९ मार्च २०२५ रोजी त्याच बेंगळुरूने बाद फेरीत मुंबईचा ५-० असा फडशा पाडला.

एक माणूस गेल्याने पाच गोल होत नाहीत, हे खरे. पण फळीने केव्हा पुढे सरकायचे, कोणी कोणाला अडवायचे, हे ओरडून सांगणारा आवाज सोबत खेळूनच तयार होतो. तो आयता मिळत नाही.

म्हणून हंगाम संपल्यावर संघाने परदेशी नावे चाळण्याआधी आपल्या उपनगरांतली मैदाने पाहावीत. शांत डोक्याची दोन पोरे हेरावीत आणि चार हंगाम त्यांना जोडीनेच खेळवावे. पहिल्या वर्षी गोल खावे लागतील. तेवढा धीर आपण प्रेक्षकांनीही धरायला हवा.