मग पुढे काय झाले?

गोष्ट ऐकणाऱ्याचा प्रश्न एकच असतो : 'मग पुढे काय झाले?' लिहिणाऱ्याचे मात्र या प्रश्नाने धाबे दणाणते. काहीतरी पुढे व्हायला तर हवे, पण लगेच होऊन चालत नाही!

कथानकाच्या या प्रवासाचे टप्पे पूर्वीच मोजले गेले आहेत. गुस्टाफ फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली त्याला डोंगराची आकृती दिली : पायथा, चढण, शिखर, उतरण आणि अखेर सर्वनाश. शोकांतिकेला ती शोभतेही. आपल्या नाट्यशास्त्रातही पाचच अवस्था आहेत. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपका'त त्यांची नावे आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम अशी येतात. नावे जड आहेत खरी. पण मौज अशी, की ती घटनांची नव्हेत, नायकाच्या मनोरथाची आहेत. इच्छा झाली, धडपड केली, मिळेलसे वाटले पण धाकधूक राहिली, मग खात्री पटली, आणि मिळाले. मुलीचे लग्न जमवणाऱ्या कोणत्याही बापाला ही यादी ओळखीची वाटेल.

यातली मधली अवस्था सर्वांत अवघड. ती कशी उभी करावी हे पाहायचे तर 'शाकुंतल' पाहावे. मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वातली. तिथे शाप नाही, अंगठीही नाही. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते. राजाला सारे आठवत असते, पण लोक काय म्हणतील या भीतीने तो कानांवर हात ठेवतो. दोघांची चांगलीच जुंपते, शेवटी आकाशवाणी होते आणि राजा दोघांना पदरात घेतो. संपली गोष्ट. यातून सात अंक काढायचे कसे?

कालिदासाने चौथ्या अंकात दुर्वासाला आणले. शकुंतला पतीच्या विचारात हरवलेली, दारात आलेल्या ऋषीकडे तिचे लक्ष नाही. शाप तिला ऐकूच येत नाही. ऐकतात दोघी सख्या, आणि ऐकतो आपण. ओळखीचा दागिना दिसताच शाप सरेल, एवढा उःशाप मिळवून सख्या गप्प राहतात. आता तिचे प्रत्येक पाऊल आपल्याला धास्तावते. पाचव्या अंकात ती अंगठी दाखवायला जाते, तो बोट रिकामे! पुढे ती अंगठी एका कोळ्याला माशाच्या पोटात सापडते, राजाला सारे आठवते. पण तोवर शकुंतला पृथ्वीवर उरलेलीच नसते. अडसर निघाला आणि तरी हात रिकामा, ही योजना मला शापाहूनही हुशारीची वाटते. सिंहाच्या छाव्याचे दात मोजणारा मुलगा भेटतो तो थेट सातव्या अंकात.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' प्रथम रंगभूमीवर आणले, तेव्हा पहिल्या चारच अंकांचा प्रयोग झाला. म्हणजे शाप झाला, शकुंतला सासरी निघाली, आणि पडदा! गोष्ट ठाऊक असूनही त्या रात्री घरी जाणाऱ्यांना काय वाटले असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटते.

हे सारे मी घरी रंगवून सांगितले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पानात आमटी वाढता वाढता विचारले, "म्हणजे शापामुळे राजा निर्दोष सुटला, असंच ना?"

"सुटला. नाहीतर असल्या नायकाबद्दल प्रेक्षकाला माया वाटली नसती."

"पण महाभारतातली शकुंतला भर दरबारात त्याला सुनावते, ती कुठे गेली?"

"इथेही ती रागावते, त्याला अनार्य म्हणते."

"म्हणू दे. तिच्या म्हणण्यानं काय झालं? खरं ठरलं ते माशाच्या पोटातून."

"अगं, अंगठी काढली तर मधली अवस्थाच उरत नाही!"

"न उरेना का! मला एवढंच सांगा, ती अंगठी सापडलीच नसती, तर तिचं खरं कुणी मानलं असतं?"